तुम्ही विचारलंत म्हणून: न संपलेली मालिका वाचायला घ्यावी का?

घरात जाडजूड फँटसी कादंबऱ्यांचं अख्खं कपाट आहे हे कळल्यापासून ऑफिसातली पोरं, भाचरं, भाचरांचे मित्र, सगळे मला फिरून फिरून एकच विचारतात: "'गेम ऑफ थ्रोन्स'ची पुस्तकं घेऊ का हो? ती अर्धवटच आहेत म्हणे."

घ्या. पण काय घेताय ते नीट बघून घ्या. या धंद्यात गोष्टीबरोबर एक वायदाही विकला जातो, आणि जाहिरात सगळी त्या वायद्याची असते.

उदाहरणार्थ तो खोका. आपल्याकडे या मालिकेचा जो पेपरबॅक संच सर्रास मिळतो, त्यात सात पुस्तकं असतात. आता जॉर्ज आर. आर. मार्टिन ही मालिका सात भागांची होणार असं कधीपासून सांगत आलेत. म्हणजे सात म्हटले होते, सात मिळाले, गिऱ्हाईक खूश! प्रत्यक्षात प्रसिद्ध झालेले भाग पाच. तिसरा आणि पाचवा इतके जाड की ब्रिटिश पेपरबॅकमध्ये त्यांचे दोन-दोन तुकडे केले, आणि पाचाचे सात झाले. खोटं कोणीच बोललेलं नाही. बाहेर सात लिहिलंय, आत सात आहेत. सहावा आणि सातवा भाग तेवढा त्यात नाही.

पुस्तक उघडल्यावरचे प्रकार आणखी वेगळे. शेवटाकडे आलं की वाचणाऱ्याचं निम्मं लक्ष उजव्या हातातल्या जाडीवर असतं. अजून पन्नास-साठ पानं आहेत, म्हणजे एक लढाई तरी नक्की बाकी, असा हिशेब करून माणूस चहा टाकायला उठतो. परत येऊन पान उलटतो तर गोष्ट तिथेच खलास. उरलेल्या पानांत घराण्यांच्या याद्या, कोण कोणाचा सावत्र भाऊ त्याचा तपशील, आणि भलत्याच लेखकाच्या भलत्याच मालिकेचं पहिलं प्रकरण, वाचकांना खास भेट म्हणून. मुखपृष्ठावर 'आता टीव्हीवर' असा गोल स्टिकर दिसतो. नखाने खरवडून बघा, निघायचा नाही, कारण तो स्टिकर नसतोच, छापलेलाच असतो. आणि एकदा का टीव्हीवर आली की मुखपृष्ठं बदलतात. मग कपाटात तीन भाग जुन्या चित्राचे आणि चौथ्यावर नटाचा चेहरा. याचा मला जेवढा राग येतो तेवढा खरं तर यायला नको.

मलपृष्ठावर 'टॉल्किनचा वारसदार' हे ठरलेलं. पण खुद्द टॉल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली होती. महायुद्धानंतर कागद महाग, एवढा ठोकळा खपेल याची खात्री नाही, म्हणून प्रकाशकाने ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढली. दुसऱ्या खंडाच्या शेवटी नायक फ्रोडो शत्रूच्या तावडीत सापडतो, आणि पुढचं पुस्तक आलं अकरा महिन्यांनी! काटकसरीपायी केलेली ती वाटणी पुढे साचाच होऊन बसली. फँटसी म्हटली की तीन भाग. मार्टिन यांची मालिकाही सुरुवातीला तीनच भागांची ठरली होती.

पहिला भाग १९९६ चा, तिसरा २००० चा. इथपर्यंत गाडी वेळेवर होती. मग चौथा एवढा फुगला की मार्टिन यांनी तो मधून कापला, आणि तोही काळाप्रमाणे नाही, पात्रांप्रमाणे. निम्मी पात्रं चौथ्या भागात, निम्मी पाचव्यात. २००५ मध्ये चौथा आला तेव्हा जॉन स्नो, डेनेरिस, टिरियन ही लोकांची लाडकी मंडळी त्यात जवळजवळ नव्हतीच. पुस्तकाच्या शेवटी लेखकाने चार ओळी लिहिल्यात की बाकीचे लोक पुढच्या वर्षी भेटतील अशी मनापासून आशा आहे. ते भेटले २०११ मध्ये. ज्याने २००० साली टिरियनचा निरोप घेतला, त्याला तो अकरा वर्षांनी दिसला. सहाव्या भागाचा पत्ता नाही. टीव्हीवरच्या मालिकेने पुस्तकांना गाठलं, मागे टाकलं आणि २०१९ मध्ये आपल्या मनाने शेवटही करून टाकला.

आणि मग जाहिरातवाल्यांनी वाट बघण्याचाच माल केला. २०१९ मध्ये एअर न्यूझीलंड या विमान कंपनीने मार्टिन यांना जाहीर आमंत्रण दिलं: आमच्या देशात या, आणि निवांत बसून पुस्तक संपवा. पुस्तकाशी कंपनीचा काडीचा संबंध नाही, पण न लिहिलेल्या कादंबरीवर फुकट प्रसिद्धी! मार्टिनही वस्ताद. त्यांनी उत्तर दिलं की २०२० च्या विज्ञानकथा संमेलनाला मी तिकडे येणारच आहे. तेव्हा पुस्तक हातात नसेल तर मला तिथल्या व्हाइट आयलंड या ज्वालामुखी बेटावर, त्या आम्लाच्या तळ्याशेजारी, लिहून होईपर्यंत कोंडून ठेवायला माझी लेखी परवानगी आहे. पुढे कोविड आला, संमेलन ऑनलाइन झालं आणि कोंडण्याचा प्रश्न उरला नाही.

यावर लगेच दुसरा प्रश्न येतो: पण लेखक आपलं देणं लागतोच ना? २००९ मध्ये फँटसी लेखक नील गेमन यांना एका वाचकाने मार्टिनबद्दल नेमकं हेच विचारलं होतं. त्यांनी बऱ्याच कडक शब्दांत सांगितलं की मार्टिन तुमचे ताबेदार नाहीत. मला ते निम्मंच पटतं. माणसाला सुचत नसेल तर सुचत नाही. आपल्या हरिभाऊ आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, म्हणून कोणी त्यांना नावं ठेवत नाही. पण 'तीनपैकी पहिला' असं छापून पैसे घेतले, तर तो वायदा झाला. पॅट्रिक रॉथफस यांच्या मालिकेचा नायक आपली कहाणी तीन दिवसांत सांगायला बसतो, एका दिवसाचं एक पुस्तक. पहिला दिवस २००७ मध्ये आला. तेव्हा मुलाखतींत सांगितलं गेलं की तिन्ही पुस्तकं लिहून तयार आहेत, फार थांबावं लागणार नाही. दुसरा दिवस २०११ मध्ये उगवला. तिसरा अजून उगवायचाय. इथे मी वाचकाच्या बाजूने.

पूर्ण झालेल्या मालिकेतही सुख असतंच असं नाही, हे 'व्हील ऑफ टाइम' वाचणारे सांगतील. १९९० ते २०१३, चौदा भाग. त्यातला २००३ चा दहावा भाग म्हणजे आठशेच्या आसपास पानं आणि कथा जागच्या जागी. नवव्याच्या शेवटी जे मोठं प्रकरण घडलं त्याची खबर कोणाकोणाला लागली, हे आपण पात्रामागून पात्र वाचत बसायचं. नायनीव्ह ही त्यातली एक नायिका मात्र इमानेइतबारे आपली वेणी ओढत असते. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादकही. त्यांनी जॉर्डन यांची टिपणं ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाच्या हाती सोपवली. शेवटचा म्हणून ठरलेला एक भाग लिहिता लिहिता तीन झाले, पण झाले.

हेच सँडरसन पुढे जाहिरातीचेही उस्ताद निघाले. मार्च २०२२ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ टाकला, शीर्षक साधारण 'आता कबूल करायची वेळ आलीय' असं. चेहरा असा की चाहत्यांच्या पोटात गोळा यावा. आजारपण? निवृत्ती? तर कबुली अशी की टाळेबंदीत गुपचूप पाच जास्तीची पुस्तकं लिहून झालीत, आणि त्यातली चार तुम्ही आगाऊ पैसे भरून घ्या. लोकांनी ४ कोटी डॉलरहून जास्त भरले. क्लृप्ती म्हणाल तर शुद्ध क्लृप्ती, पण हा माणूस आधी लिहितो आणि मग बोंब मारतो. त्यांच्या वेबसाइटवर कुठलं पुस्तक किती टक्के लिहून झालंय याच्या पट्ट्या असतात. मला हा हिशेब कुठल्याही पाठराखणीपेक्षा विश्वासाचा वाटतो.

तेव्हा मार्टिन जरूर वाचा. पहिले तीन भाग सुटे घ्या; तिसऱ्याचे दोन्ही तुकडे एकदमच आणा, कारण पहिला तुकडा जिथे थांबतो तिथे लेखकाने काहीच थांबवलेलं नाही. इतकी दांडगी, निर्दय, भरगच्च गोष्ट फँटसीत फार थोड्यांनी लिहिलीय. चौथा आणि पाचवा कोणाकडून तरी मागून वाचा, वाटलं तर माझ्याकडून न्या. फक्त परत आणताना 'सहावा कधी?' हे मला विचारायचं नाही.