कच्च्या वहीतली ओळ

मी डब्लिनला लोकांची घराणी शोधून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करते. कुणाचे पणजोबा अमेरिकेला गेले, मूळ गाव कुठलं, बाप्तिस्म्याची नोंद कुठल्या चर्चमध्ये सापडेल, असलं सगळं. बहुतेक दिवस कॉम्प्युटरसमोरच जातो. पण मागच्या नोव्हेंबरातला एक मंगळवार काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

बॉस्टनहून एक बाई आल्या होत्या, सत्तरीच्या असतील, मी मनात त्यांना मावशीच म्हणत होते. त्यांची आई मेयो काउंटीतली, 1938 साली बारा वर्षांची. आता हे साल ऐकलं की आमच्या लाइनमधल्या माणसाचे कान टवकारतात, कारण 1937 ते 1939 मध्ये आयरिश फोकलोअर कमिशननं, म्हणजे लोककथा-लोकपरंपरा गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेनं, एक अफाट काम केलं होतं. तेव्हाच्या आयरिश राज्यातल्या 26 काउंट्यांमधल्या, म्हणजे जिल्ह्यांमधल्या, जवळपास 5,000 प्राथमिक शाळांमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांना सांगितलं, निबंधाच्या तासाला आता घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. शिक्षकांना एक पुस्तिकाच दिली होती, त्यात 55 विषय, पुरलेला खजिना, घरगुती औषधं, पवित्र विहिरी, लोणी घुसळणं, पऱ्यांचे किल्ले, आणि दुष्काळाचे दिवस, म्हणजे 1845 पासूनचा बटाट्याचा मोठा दुष्काळ. यातून जे जमलं ते आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये, बेलफिल्डच्या कॅम्पसवर, नॅशनल फोकलोअर कलेक्शनमध्ये आहे. बरंचसं आता ऑनलाइनही वाचता येतं. मला विचाराल तर मुलांच्या हातून एवढं मोठं काम दुसऱ्या कुठल्या देशानं करून घेतलं असेल असं वाटत नाही.

मावशींनी वेबसाइटवर आईचं नाव शोधून ठेवलेलं होतं. विषय दुष्काळाचे दिवस, दीड पान. त्यांना फक्त मूळ कागद बघायचा होता, आईचं अक्षर बघायचं होतं.

आम्ही दोघी बेलफिल्डला गेलो. बॅगा बाहेर ठेवल्या, पेन चालत नाही म्हणून पेन्सिली घेतल्या, आणि जाड बांधणीचा खंड समोर आला. वर शाळेचं नाव जुन्या आयरिश लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर टिंबं दिलेली (पुण्यात असताना मोडी शिकले होते, त्यामुळे असली लिपी बघितली की मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं). पान उघडलं. मावशींनी वाकून बघितलं आणि पटकन म्हणाल्या, "हे तिचं अक्षर नाही."

त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून आईचं एक जुनं पत्र आणलं होतं. खरंच, कुठेच जुळत नव्हतं. पत्रातल्या टी अक्षराची आडवी रेघ लांब, पुढच्या दोन अक्षरांवरून गेलेली, आणि इथे सगळं कसं शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं गोल गोल. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच अपराधी वाटायला लागलं, कारण हे मी आधीच सांगायला हवं होतं. मुलं आधी आपापल्या वहीत लिहायची आणि मग त्यातलं निवडक शिक्षक स्वतः नाहीतर वर्गातलं चांगल्या अक्षराचं पोर शाळेच्या मोठ्या वहीत उतरवून काढायचं. आपल्याकडे कच्ची वही आणि पक्की वही असते ना, तसंच. खंडात बांधली गेली ती पक्की वही.

पण कच्च्या वह्यांपैकीही साधारण 40,000 जपलेल्या आहेत. सगळ्या शाळांच्या नाहीत, त्यामुळे मी मावशींना आशा लावली नाही, नुसती मागणीची चिठ्ठी भरली. आणि त्या शाळेचा बॉक्स निघाला.

पातळ वही, कोपरे मऊ पडलेले, कव्हरवर आईचं नाव. टीची रेघ लांब. मावशींनी हात लावला नाही, नुसता तळवा कागदाच्या वर धरला.

मग आम्ही दोघींनी कच्चं आणि पक्कं शेजारी ठेवून ओळीनं वाचलं. मजकूर बराचसा तोच. ही हकीकत आजीनं सांगितली, वय 78, तिला तिच्या आईनं सांगितलेली. बटाटे एका रात्रीत काळे पडले, शेतात वास सुटला, अमेरिकेहून आलेलं मक्याचं पिवळं पीठ खाऊन लोकांची पोटं बिघडली, खडी फोडायच्या कामावर बायकापोरं जायची. आणि मग कच्च्या वहीत एक ओळ होती जी पक्कीत नव्हती. वरून पेन्सिलीची एक बारीक, सरळ रेघ मारलेली, पण खालचं स्पष्ट दिसत होतं. "आमच्या लोकांनी सूप घेतलं."

हे चार शब्द तिथल्या माणसाला किती लागतात ते सांगायला हवं. 1847 च्या जुलैत सरकारी सूप किचनमधून रोज सुमारे 30 लाख लोक जेवत होते, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनीही कुठलीही अट न घालता सूप वाटलं. पण काही ठिकाणी प्रोटेस्टंट मिशनवाले अन्नासोबत धर्मही द्यायचे, मेयोतल्या ॲकिल बेटावरच्या मिशनचं नाव यात हमखास निघतं. त्यामुळे 'सूप घेतलं' म्हणजे पोटासाठी आपला कॅथलिक धर्म सोडला, आणि हा डाग पिढ्यान् पिढ्या घराण्याला चिकटायचा. नव्वद वर्षांनंतरही एका शाळामास्तराला वाटलं की या पोरीच्या घराचं हे गावभर नको व्हायला. त्यानं ओळ खोडली. खाडाखोड केली नाही, शेरा नाही, नुसती हलकी रेघ. मला त्यात मायाच दिसली, अजूनही दिसते.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आई आयुष्यभर सांगायची की आपल्यातल्या कुणी सूप घेतलं नाही." आणि थोड्या वेळानं, "बारा वर्षांची असताना खरं लिहिलं होतं तिनं." त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि ती ओळ आपल्या वहीत उतरवली, खोडलेल्या रेघेसकट.

संध्याकाळी बसमध्ये मला राहवेना. आमचं गाव बीडकडचं, आणि 72 च्या दुष्काळाचा विषय निघाला की आज्जी एकच सांगायची, लोकांनी खडी फोडली, लोकांनी मिलो खाल्ला, सुकडीसाठी लोक रांगेत उभे राहिले. कायम 'लोक'. मी कधी उलटून विचारलंच नाही आणि आता आज्जी नाही. घरी पोचल्यावर, तिकडे मध्यरात्र झालेली तरी आईला फोन लावला आणि विचारलं, आई, आज्जी खडीवर गेली होती का गं?

आई काही बोलेना. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "तिचा डावा अंगठा बघितला होतास ना तू? नख कधी नीट आलंच नाही परत."