रोबोट एक, मुलं चौदा

पहिल्या वर्षी आमच्या रोबोट स्पर्धेच्या टीमच्या यादीत चौदा नावं होती. तिसऱ्या आठवड्यात रोबोटजवळ चौघंच दिसायला लागली. बाकीची कोपऱ्यात मोबाइल घेऊन, नाहीतर पाणी प्यायला जाऊन अर्ध्या तासाने उगवणारी. मी हजेरी सुरू केली, शिस्तीवर एक भाषणही ठोकलं. दुसऱ्या दिवशी अकराच आली.

ओळीने चार दिवस एक मुलगी पाना हातात घेऊन नुसती उभी दिसली. विचारलं तर म्हणाली, “सर, हात घालायला जागाच मिळत नाही.” खरंच होतं. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या शाळकरी मुलांच्या स्पर्धेत रोबोट सामना सुरू होताना लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १८ इंचांत बसवावा लागतो. तेवढ्यात तिघं घुसली की चौथ्याचं डोकं आपटतं. मी ज्यांना आळशी म्हणत होतो त्यांना कामच नव्हतं.

पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यातच नुसती चाकांची चौकट पळवायची असं ठरवलं, मग ती कितीही गबाळी दिसो. ती जमिनीवर फिरली त्या दिवशी मुलांना अक्षरशः हाकलावं लागलं. शिवाय कोडवाल्यांना तपासायला काहीतरी मिळालं. एरवी त्यांचा अर्धा हंगाम ‘अजून जोडून झालं नाही’ ऐकण्यात जातो.

कामं दोघा-दोघांत वाटली, एका बैठकीत संपतील एवढीच. ‘आर्म बनवा’ असं फळ्यावर लिहिलं की कुणीच उठत नाही. ‘लिमिट स्विच बसवा आणि आर्म वर गेल्यावर मोटर थांबते ते दाखवा’ असं लिहिलं की जोडी लगेच स्क्रू शोधायला लागते. शेवटची वीस मिनिटं सराव सामना: ३० सेकंद रोबोट स्वतःच्या कोडवर, मग दोन मिनिटं रिमोटवर. त्या वेळी मोबाइल कुणाच्याच हातात नसायचा.

खरी डोकेदुखी होता आमचा सगळ्यात हुशार मुलगा. इतरांनी बसवलेलं तो सगळे गेल्यावर उलगडून पुन्हा बसवायचा. त्याचं काम उत्तम असायचं, पण ज्यांचं उलगडलं ती दुसऱ्या दिवशी टेबलाकडे फिरकायची नाहीत. शेवटी सांगितलं, “तोंडाने हवं ते सांग, पान्याला हात लावायचा नाही.” दोन दिवस फुगून बसला. परिणामी रोबोटचा पंजा जरा वाकडा झाला आणि त्यापायी गुणही गेले. तरी तो निर्णय मी बदलला नसता.

परीक्षेमुळे दोघांनी टीम सोडली, मी अडवलं नाही.

स्पर्धेत दुसऱ्या सामन्याआधी रोबोट बंद पडला. पहिल्या वर्षी पाना धरून उभी राहिलेली ती मुलगी आता वायरिंगच्या जोडीत होती. तिने बॅटरीचा कनेक्टर हलवून पाहिला, दाबून बसवला, झिप टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) बांधला आणि उरलेलं शेपूट कापत म्हणाली, “सर, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”