वाट्यावरून वजनावर: भाट्ये खाडीतील तिसऱ्यांची खरेदी

रत्नागिरीहून पुण्याला ताजी मासळी पाठवण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. सुरमई-पापलेटाची जेवढी चौकशी मी करत असे, तेवढी तिसऱ्यांची, म्हणजे खाडीच्या वाळूत मिळणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांची, कधीच केली नव्हती. भाट्ये खाडीत सुकतीला (ओहोटीला) उतरणाऱ्या बायकांकडून वाट्यावर, म्हणजे वजन न करता ढिगाच्या भावाने, गोण्या घ्यायच्या आणि रात्रीच्या गाडीत चढवायच्या, एवढेच. एकदा धुण्यासाठी परातीत ओतलेल्या मालात निम्म्या शिंपल्या नखाएवढ्या निघाल्या. त्यांत मांस जवळजवळ नव्हतेच, आणि परातीत आलेली तिसरी पुन्हा खाडीला मिळत नाही, हे मला फार लागले.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हाताने वेचल्या जाणाऱ्या तिसऱ्यांना ती लागू नाही. म्हणजे नियम आम्हालाच घालून घ्यायचा होता. केरळातील अष्टमुडी सरोवराचे उदाहरण मी वाचले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तिसऱ्यांचे उत्पादन अतिउपशाने कोसळले; त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आणि जाळ्याचा आस (छिद्राचे माप) किमान ३० मिलिमीटर, असे नियम आले, आणि २०१४ मध्ये त्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या शाश्वत मासेमारी पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले, जे भारतात पहिलेच होते. आमच्याकडे मात्र जाळेच नाही, हात आणि पाय आहेत. आस मोठा करून भागणार नव्हते.

मी बायकांना लहान तिसऱ्या सोडून द्या म्हणून सांगितले, तेव्हा त्यांतल्या सर्वांत वयस्क मावशी म्हणाल्या, "ताई, वाट्याला बारीक-जाड कोण बघतो? वाटा भरला की झालं." दोष त्यांच्या हातांत नव्हता, माझ्या खरेदीच्या पद्धतीत होता. मी वाटा बंद करून वजनावर आणि आकारावर भाव ठरवला. मोठ्या तिसऱ्यांना किलोमागे जास्त पैसे द्यायचे, लहानांना काहीच नाही, आणि निवड घरी नव्हे तर खाडीच्या काठावरच, चाळणीने, भरती लागण्याआधी करायची. परत ओल्या वाळूवर पसरलेली लहान तिसरी थोडा वेळ मिटून पडते, मग शिंपल्यांच्या फटीतून पांढुरकी जीभ काढल्यासारखा तिचा पाय बाहेर येतो, ती कडेवर उभी राहते आणि हळूहळू आत उतरते. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही सगळ्याच जणी वाकून बघत राहिलो.

दुसरी अडचण पाण्याची निघाली. तिसरी खाडीचे पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यात जे असेल ते तिच्यात साठते. तपासणीत, वस्तीचा नाला मिळतो त्या बाजूच्या मालात ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जिवाणू, जास्त आढळले. युरोपात थेट विक्रीच्या क्षेत्रासाठी १०० ग्रॅम मांसामागे २३० ई. कोलाय ही मर्यादा धरतात, मीही तीच धरली होती. स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून जिवाणू बरेच कमी होतात, विषाणू मात्र खात्रीने जात नाहीत. म्हणून तो काठच सोडला. त्याने माझा माल घटला, आणि त्या काठावर वर्षानुवर्षे वेचणाऱ्या दोघींना जागा बदलावी लागली. ते त्यांना पटायला बराच काळ गेला. आता प्रत्येक गोणीला चिठ्ठी असते: तारीख, काठ, वेचणारीचे नाव.

बंदीचा काळ ठरवताना मी पुस्तकी महिने लादले नाहीत. मांस दुधाळ, भरलेले दिसू लागले की अंडी सोडण्याची वेळ जवळ आली, हे बायका आधीपासून ओळखत होत्या. त्या दिवसांत खाडीचा एक भाग सोडायचा, आणि त्या आठवड्यांसाठी मी उचल देते, जी पुढच्या हंगामात वळती होते. पहिल्या वर्षी दोघींनी उचल घेऊनही वेचले. त्या माझ्याशी उघडपणे बोलल्या: घरात औषधाचा खर्च आला होता. यंदा उचल दोन हप्त्यांत न देता आठवड्याला देत आहे, आणि सोडलेल्या भागात अजून कोणी उतरलेले नाही.