'शारदा' आणि आजीचं खाजं

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या रात्री नाटक ठरलेलंच. कोणतं, यावर मंडळाच्या बैठकीत दरवर्षी वाद व्हायचा आणि तीन-चार वर्षांनी फिरून 'संगीत शारदा'वर गाडी यायची. देवलांचं हे नाटक १८९९ सालचं, पण त्यातली पदं आमच्याकडे आरत्यांइतकी पाठ.

दुपारपासून देवळापुढे चादरी पसरून जागा अडवल्या जात. भुजंगनाथ व्हायचे पोस्टातले काका. पंचाहत्तरीचा हा नवरदेव लाजत लाजत बाशिंगाच्या गोष्टी करू लागला की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शारदा मात्र बरीच वर्षं एक मिसरूड फुटलेला मुलगाच होई, दिवसातून दोनदा दाढी करून!

तीन वर्षं मी विंगेत प्रॉम्प्टर होतो. प्रेक्षक तिथून जितके दिसतात तितके कुठूनच दिसत नाहीत. शारदेचा बाप कांचनभट लेकीचा सौदा करायला बसला की पुढच्या रांगेतली माझी आजी उठायची आणि फेरीतून, म्हणजे जत्रेतल्या दुकानांतून, आलं घातलेलं खाजं घेऊन यायची. लहानपणी आम्ही पोरं त्या प्रवेशाची वाटच बघायचो. ती अकराव्या वर्षी बिजवराला दिलेली, हे मला फार उशिरा कळलं. घरात तो विषय कुणी काढत नसे.

या नाटकामुळेच 'शारदा कायदा' आला, असं मंडळातले जुने लोक ठासून सांगत. खरं तर १९२९चा तो बालविवाहबंदीचा कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो, आणि होता ब्रिटिश मुलखापुरता. इथे राज्य पोर्तुगिजांचं. आजीच्या वाट्याला नुसतं नाटकच आलं.

गेल्या वर्षीची शारदा कॉलेजात शिकणारी. तालमीत म्हणाली, "काका, कांचनभट निदान पैसे घेतो तरी. माझ्या मावशीच्या लग्नात आजोबांनाच मोजावे लागले." सगळे हसले. दिग्दर्शक तेवढे हसले नाहीत, त्यांच्या मुलीची बोलणी चालू होती.

आता पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. सौद्याचा प्रवेश सुरू झाला आणि दुसऱ्या रांगेतली एक बाई उठून फेरीकडे निघाली. तिला खाजंच हवं असेल कदाचित.