बर्लिनमध्ये आल्फ्रेड मेसेलच्या मागावर

पोट्सडामर प्लाट्झला उतरून लाइपत्सिगर प्लाट्झपर्यंत चालत गेले. मोबाइलवर वेर्टहाइम दुकानाचा जुना फोटो उघडलेला होता. फोटोतल्या इमारतीच्या जागी आज मॉल ऑफ बर्लिन उभा आहे, २०१४ साली सुरू झालेला. हे आधीच वाचलं होतं, तरी तिथे उभं राहिल्यावर गलबलून आलं.

आल्फ्रेड मेसेल हा वास्तुविशारद, मूळचा डार्मश्टाटचा, जन्म १८५३ चा. वेर्टहाइम कुटुंबाचं पहिलं दुकान श्ट्रालझुंड या समुद्रकाठच्या गावातलं. बर्लिनमध्ये बस्तान बसल्यावर त्यांनी मेसेलला गाठलं आणि १८९६-९७ मध्ये लाइपत्सिगर रस्त्यावर त्याने जे उभं केलं, त्याने दुकानांचा चेहराच बदलून टाकला. तोवर मोठी दुकानंसुद्धा बाहेरून वाड्यांसारखी दिसायची, मजल्यावर मजला रचलेली. मेसेलने दगडी खांब जमिनीपासून थेट छपरापर्यंत नेले आणि मधली जागा काचेला दिली. आत भला मोठा चौक, त्यावर काचेचं छप्पर. कापडाचा खरा रंग दिवसाच्या उजेडातच कळतो. साडी दुकानाच्या दारात नेऊन पाहणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

पुढची काही वर्षं दुकान वाढतच गेलं, पार लाइपत्सिगर प्लाट्झच्या कोपऱ्यापर्यंत. मग नाझी आले आणि या ज्यू कुटुंबाच्या हातून धंदा गेला. महायुद्धात इमारत जळाली, १९५५-५६ मध्ये उरलेले अवशेषही पाडले. उरलं ते तळघर. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९१ मध्ये, तिथल्या तिजोरीच्या खोलीत ‘ट्रेसोर’ नावाचा टेक्नो क्लब निघाला आणि २००५ पर्यंत तिथेच चालला. ट्रेसोर म्हणजे तिजोरीच.

दुसऱ्या दिवशी सोफिएनश्ट्रासे. वेर्टहाइमचंच आणखी एक दुकान इथे रोझेनथालर रस्त्यावर होतं, त्याची मागची दर्शनी भिंत या अरुंद गल्लीत अजून टिकून आहे. मान मागे टाकून पाहावी लागते. खांबावर हात ठेवला. दगड सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता. दोन दिवस फोटोंत शोधत होते ते हाताला लागलं, एवढ्यानेच मी खूश झाले.

तिथून म्युझियम बेट जवळ. पेर्गामॉन म्युझियमचं दुरुस्तीचं काम चालू होतं, म्हणून बाहेरूनच पाहिलं. त्याचा आराखडा १९०७ चा, मेसेलचा. १९०९ मध्ये तो गेला तेव्हा बांधकाम सुरूही झालं नव्हतं. तरुणपणापासूनचा मित्र लुडविग होफमान याने ते काम पुढे नेलं आणि म्युझियम उघडायला १९३० साल उजाडलं. मित्राचं अर्धं राहिलेलं काम इतकी वर्षं सांभाळणं सोपं नव्हे.

पण मेसेल मला खरा भेटला तो प्रोस्काउअर रस्त्यावर. सामारिटरश्ट्रासे स्टेशनपासून पाच-दहा मिनिटं चालत. वेर्टहाइमचं काम चालू होतं त्याच सुमारास, १८९७-९८ मध्ये, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी त्याने इथे कामगारांची घरं बांधली. त्या काळी बर्लिनमध्ये इमारतीमागे इमारत, तिच्यामागे आणखी एक, अशी दाटी असायची. मागच्या खोल्यांत दिवसाही अंधार. मेसेलने मागच्या इमारती काढूनच टाकल्या आणि मधोमध सगळ्यांचं मोठं अंगण ठेवलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या घरांना सुवर्णपदक मिळालं. नाव झालं ते दुकानामुळे, पण मला ही घरं त्याहून मोठी वाटतात. गिऱ्हाइकाला उजेड देण्यात शेटजींचा फायदा होता. इथे फायदा फक्त राहणाऱ्यांचा.

फाटकापाशी घुटमळत होते. भाजीची पिशवी घेऊन एक आजी आल्या. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ‘मेसेल’ एवढं नाव त्यांना बरोबर कळलं आणि त्यांनी फाटक धरून मला आत घेतलं. झाडं, टेकवून ठेवलेल्या सायकली, वाळत घातलेली एक निळी चादर. आजींनी वर बोट दाखवलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणीतरी दिवा न लावताच भाजी चिरत होतं.