क्रिएटिनिन नॉर्मल, आजी मात्र गुंगीत

मी रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. लिहून दिलेल्या औषधाचा डोस पेशंटच्या वयाला, वजनाला आणि मूत्रपिंडांना झेपेल का, हे तपासणं माझं काम. एरवी रुक्ष वाटणाऱ्या या आकडेमोडीने ८४ वर्षांच्या एका आजींच्या वेळी मला चांगलंच कोड्यात टाकलं.

घरात तोल जाऊन पडल्या म्हणून त्यांना दाखल केलं होतं. हाड मोडलेलं नव्हतं, डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये काही नव्हतं, साखर आणि सोडियम ठीक. पण आजी दिवसभर गुंगीत. हाक मारली की डोळे उघडून दोन शब्द बोलायच्या आणि पुन्हा पेंगायच्या. हात पुढे धरायला सांगितले, तर मनगटं मध्येच झटका बसल्यासारखी खाली पडत. सूनबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "अहो, परवापरवापर्यंत स्वतःची वेणी स्वतः घालत होत्या." फाइलमध्ये स्मृतिभ्रंशाची शंका नोंदलेली, पुढे प्रश्नचिन्ह.

औषधांच्या यादीत माझी नजर प्रीगाबालिनवर अडली. नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेल्या आगीसाठी ते नुकतंच सुरू झालं होतं : १५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे औषध शरीरात जवळजवळ मोडतच नाही, लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. मूत्रपिंडं मंदावली की ते साचतं, आणि मग पेशंट असाच दिसतो.

पण कागद काही माझ्या बाजूने बोलेना. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.०, लॅबच्या छापील मर्यादेत. आधीच्या रिपोर्टांतही तेवढंच. खाली त्यावरूनच काढलेला मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ईजीएफआर, ५६. प्रीगाबालिनचा डोस ठरवायला क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं क्रिएटिनिन किती वेगाने बाहेर टाकतात तो आकडा, लागतो, म्हणून कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं १९७६ चं सूत्र मांडलं : १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचं, आणि पेशंट स्त्री असेल तर पुन्हा ०.८५ ने गुणायचं. फाइलमधलं वजन ५५ किलो, उत्तर ३६. तक्त्याप्रमाणे ३० ते ६० मध्ये दिवसाला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम चालतं. म्हणजे डोस नियमात बसत होता!

मग बीपी घेताना सिस्टरनी आजींची बाही वर केली. पट्टा दंडाला गुंडाळून गुंडाळून उरत होता. हा दंड ५५ किलोंच्या बाईचा?

"सिस्टर, वजन कुणी केलं?"

"केलं नाही सर. उभ्याच राहत नव्हत्या. घरच्यांनी सांगितलं तेच लिहिलंय."

खुर्चीचा काटा मागवला. दोघींनी धरून आजींना बसवलं. ४१ किलो. सूत्र पुन्हा मांडलं, उत्तर २७. तीसच्या खाली याच औषधाची कमाल मर्यादा दिवसाला १५० मिलिग्रॅम. आजींना दुप्पट जात होतं.

निवासी डॉक्टर म्हणाले, "पण ईजीएफआर ५६ आहे ना?" प्रश्न रास्त होता. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. स्नायूच झिजलेले असले की ते मुळात कमी बनतं, म्हणून मूत्रपिंडं थकलेली असूनही आकडा शहाण्यासारखा दिसतो. शिवाय छापील ईजीएफआर १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीरासाठी मोजलेला असतो, आजींचा पृष्ठभाग जेमतेम १.३. तेवढी दुरुस्ती केली तरी ५६ चे ४२ होतात. खरा आकडा २७ च, असा माझा हट्ट नव्हता. शेवटी तोही अंदाजच, आणि ते जुनं सूत्र मुळात पुरुषांच्या नोंदींवरून बांधलेलं. पण दोन अंदाजांत एवढी तफावत असताना समोरचा माणूस झटके देत पेंगत असेल, तर मी लहान आकड्याच्या बाजूने उभा राहतो.  खात्रीसाठी सिस्टॅटिन सी पाहावं. रक्तातल्या या प्रथिनावरूनही मूत्रपिंडांचं काम कळतं, आणि त्यावर स्नायूंचा परिणाम बराच कमी. तशी विनंती मी केली.

मोठ्या डॉक्टरांनी वाट न पाहता रात्रीचा डोस थांबवला आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त झोपताना ७५ ठेवलं. गुंगी एका रात्रीत उतरली नाही, साचलेलं औषध निघायला वेळ लागतोच. पण पुढच्या राउंडना आजी जाग्या राहू लागल्या, मनगटं स्थिरावली. सिस्टॅटिन सीवरून काढलेला आकडाही छापील ५६ च्या बराच खाली आला. आग थोडी परतली, तिच्यासाठी जागा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी लावली.

फाइलमधलं ५५ खोडून मी ४१ लिहीत होतो, तेव्हा आजी पूर्ण शुद्धीत ऐकत होत्या. म्हणाल्या, "एक्केचाळीस? काटा दुरुस्त करून घ्या तुमचा."