टॉगल क्लॅम्प आणि बोर्खार्टचं पिस्तूल

तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढल्यामुळे टॉगल क्लॅम्प, म्हणजे काम चालू असलेला भाग (जॉब) दांड्याने घट्ट धरून ठेवणारी पकड, माझ्या हाताला पाठ आहे. दांडा दाबला की मधला सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जातो आणि जॉब जागचा हलत नाही. तोच दांडा दोन बोटांनी उचला, लगेच मोकळा.

हीच करामत ह्यूगो बोर्खार्टने १८९३ साली पिस्तुलात बसवली. मॅक्सिमच्या मशीनगनमध्ये ती आधीपासून होती, पण ती मशीनगन म्हणजे तोफेसारखी गाड्यावरची चीज. मुठीत मावेल इतक्या जागेत ही करामत बसवणं वेगळंच काम.

समजून घ्यायला मी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या टाचणीने जोडून टेबलावर ठेवल्या. सांधा रेषेखाली असताना मागून कितीही रेटलं तरी तो अजून खालीच दबतो. केसभर वर उचलला की गुडघ्यासारखा मुडपतो. पिस्तुलात गोळी उडाली की नळी आणि हा गुडघा मिळून आधी थोडे मागे सरकतात. तेवढ्या वेळात गोळी बाहेर पडते, दाब उतरतो, आणि मगच सांधा वर उचलला जातो. रिकामं काडतूस बाहेर, स्प्रिंगने गुडघा पुन्हा सरळ. ही क्षणभराची वाट पाहणं मला फार सुंदर वाटतं.

बोर्खार्ट जन्माने माग्डेबुर्गचा. अमेरिकेत विंचेस्टर आणि शार्प्सकडे बंदुकांवर काम केलेला. बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीने हे पिस्तूल बनवलं. काढता-घालता येणारं आठ गोळ्यांचं मॅगझिन त्याने मुठीत ठेवलं, आणि आजची बहुतेक पिस्तुलं तशीच असतात. अडचण स्प्रिंगची. तिचं घर मुठीच्या मागे कुबडासारखं बाहेर आलेलं, म्हणून तोल बिघडलेला. सुमारे ३००० नगच बनले.

पुढे गेओर्ग लुगर या दुसऱ्या रचनाकाराने स्प्रिंग मुठीत नेली, मूठ तिरकी केली, काडतूस आखूड केलं. १९०० साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने ते पिस्तूल घेतलं, १९०८ साली जर्मन सैन्याने. लुगरची कारागिरी अव्वल, त्याबद्दल दुमत नाही. पण गुडघा बोर्खार्टचा आणि नाव लुगरचं, हे मला खुपतं. आमच्याकडेही ज्याने पहिलं फिक्स्चर (जॉब ठरावीक जागी धरणारी चौकट) उभं केलं त्याचं नाव ड्रॉइंगच्या दुसऱ्या आवृत्तीत राहत नसे, आणि मी ते जुन्या शीटवर पेन्सिलीने लिहून ठेवत असे.